पोटॅशियम वाढलंय, आता नाशकात कुणाकडे जायचं?

श्रावणातला सोमवार होता. संध्याकाळी साडेसातला निफाडहून मामांचा फोन आला. "अगं, रिपोर्टात पोटॅशियम ६.१ लिहिलंय, ठळक अक्षरात. आमचे डॉक्टर बाहेरगावी आहेत. नाशकात पोटॅशियमचा डॉक्टर कोण आहे ते सांग, उद्या-परवाची अपॉइंटमेंट घेतो."

मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रिपोर्ट हातात घेऊन काउंटरवर उभी असलेली माणसं हाच प्रश्न विचारतात, आणि जवळजवळ सगळ्यांचा क्रम मामांसारखाच असतो. आधी मोठ्या डॉक्टरचं नाव शोधायचं, मग नंबर लावायचा, मग दोन दिवस वाट बघायची. पोटॅशियमच्या बाबतीत हा क्रम धोक्याचा आहे. एकट्या पोटॅशियमचा असा कुणी डॉक्टर नसतो. तातडी किती आहे, आकडा खरा आहे का आणि पोटॅशियम वाढलं कशामुळे, एवढं कळलं की कुणाकडे जायचं ते ठरायला वेळ लागत नाही. मी मामांना एवढंच म्हटलं, "मामा, अपॉइंटमेंट राहू द्या. आत्ता जवळच्या हॉस्पिटलात जाऊन ईसीजी काढा. शेजारच्या मुलाला गाडी चालवायला सांगा, तुम्ही चालवू नका."

ईसीजीच का, ते समजायला रक्तातलं पोटॅशियम म्हणजे काय ते पाहावं लागेल.

नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर सगळ्या गावाला अंदाज येतो. पण मारुतीपाशी दिसतं ते थोडंसं पाणी. खरा साठा वर गंगापूर धरणात असतो. शरीराचंही तसंच आहे. आपलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत साठलेलं असतं, म्हणजे धरणात. पेशींच्या बाहेर, रक्त धरून, जेमतेम २ टक्के असतं. रिपोर्टातला आकडा म्हणजे मारुतीपाशी दिसणारी पातळी. ती साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असावी. धरणातून थोडा जास्त विसर्ग झाला, किंवा पाणी पुढे वाहून नेणारी वाट तुंबली, की पातळी चढते. शरीरातली ही वाट म्हणजे किडनी. रोज पोटात जाणाऱ्या पोटॅशियमपैकी सुमारे ९० टक्के लघवीवाटे जातं, उरलेलं शौचावाटे. म्हणून किडनी अधू झालेल्या माणसाला साधं बद्धकोष्ठ झालं तरी पोटॅशियम वाढू शकतं.

पातळी चढली की पहिला फटका हृदयाला बसतो. हृदयाचे ठोके पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियममधल्या फरकावर चालतात. बाहेरचं वाढलं की तो फरक कमी होतो, विजेचा प्रवाह अडखळतो, ठोके मंदावतात किंवा चुकतात आणि शेवटी हृदय थांबूही शकतं. याची सूचना शरीर देईलच असं नाही. काहींना पायात ताकद नसल्यासारखं वाटतं, छातीत धडधडतं, मळमळतं. पुष्कळांना काहीच होत नाही. मामा फोनवर चांगले खणखणीत बोलत होते. ईसीजीवर मात्र खुणा दिसतात: टी नावाची लाट तंबूसारखी टोकदार होते, पुढे पी लाट पुसट होते, मग मधला भाग रुंद होत जातो. ईसीजीला पाच मिनिटं लागतात आणि छोट्या दवाखान्यातही तो निघतो. पण हेही लक्षात ठेवा की ईसीजी अगदी नॉर्मल असून पोटॅशियम धोकादायक असू शकतं. ईसीजी चांगला आला म्हणून घरी जाऊन झोपू नका.

तातडी अशी समजा. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा आकडा त्याहून कमी असला तरी ईसीजी बदललेला असेल, हातपाय गळल्यासारखे झाले असतील, ठोके चुकत असतील, लघवी बंद झाली असेल, तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. गाडी नसेल तर १०८. आकडा ६ ते ६.४ असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांनी तपासायला हवं, ईसीजी आणि रक्त पुन्हा. ५.५ ते ५.९ असेल आणि तब्येत बरी असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा द्यायचं. किडनीचा जुना आजार असेल किंवा पोटॅशियम झपाट्याने चढलं असेल, तर यातली प्रत्येक पायरी एक घर पुढे सरकवा. महिन्यापूर्वी ४.५ असलेला आणि आज ५.९ झालेला माणूस, वर्षभर ५.६ वर असलेल्या माणसापेक्षा जास्त काळजीचा.

आकडा खरा आहे का?

हे माझ्या कामाचं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रक्त काढताना दंडाला पट्टा बांधतात आणि शीर सापडत नसली की म्हणतात, "आजी, मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा." मीही सुरुवातीच्या वर्षांत म्हणायचे. मूठ अशी जोराने आवळली की कोपराखालच्या हाताच्या स्नायूंतलं पोटॅशियम त्याच हाताच्या रक्तात उतरतं आणि आकडा वाढून येतो. पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, बारीक सुईने जोर लावून रक्त ओढलं, किंवा सिरिंजमधून ट्यूबमध्ये दाबून सोडलं, तर लाल पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातलं सगळं पोटॅशियम बाहेर येतं. असं सॅम्पल सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून काढलं की वरचं सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर उरलेलं पाणी, पिवळसर असायचं ते गुलाबी दिसतं. आम्ही त्याला हिमोलाइज झालेलं सॅम्पल म्हणतो. चांगली लॅब रिपोर्टाखाली तशी नोंद करते. तुमच्या रिपोर्टात तळाला बारीक अक्षरात काही लिहिलंय का, ते आधी वाचा.

दुसरी गोष्ट ट्यूबच्या झाकणाची. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे रसायन घातलेलं असतं, त्यातच पोटॅशियम असतं. ती ट्यूब सीबीसीसाठी. कुणी घाईत तिच्यातलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम आभाळाला टेकतं आणि त्याच वेळी कॅल्शियम पार खाली येतं. असा विचित्र जोड रिपोर्टात दिसला की आम्ही रिपोर्ट बाहेर न सोडता रक्त पुन्हा मागवतो.

आणि उशीर. एका कलेक्शन सेंटरवरून सकाळी सातला काढलेलं रक्त दुपारी बारानंतर आमच्याकडे आलं होतं, बर्फाच्या पिशवीला चिकटवून ठेवलेलं. आणणाऱ्या मुलाला वाटलं, थंड ठेवलं म्हणजे चांगलं राहतं. न सेंट्रिफ्यूज केलेलं रक्त थंडीत ठेवलं की पेशींमधला, पोटॅशियम आत ओढून ठेवणारा पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. त्या दिवशी त्या खेपेतल्या चार जणांचं पोटॅशियम ६ च्या वर आलं. चौघांचं रक्त पुन्हा घेतलं, चौघंही नॉर्मल निघाले. तोपर्यंत त्यांच्यातल्या एका बाईंनी आपल्या बीपीच्या गोळ्या बंद करून टाकल्या होत्या. मला ती गोष्ट अजून टोचते.

म्हणून दुसऱ्यांदा रक्त द्यायचं ते शक्यतो लॅबमध्ये जाऊन द्या, मूठ सैल ठेवा, आणि मशीन तिथेच आहे का ते विचारा. हॉस्पिटलच्या आयसीयूत एबीजीचं, म्हणजे रक्तातले वायू मोजणारं मशीन असतं. त्यावर पोटॅशियमचा अंदाज काही मिनिटांत मिळतो. मात्र "लॅबची चूक असेल" म्हणून थांबू नका. चूक होती हे दुसरा रिपोर्ट आल्यावर ठरतं, आणि तोपर्यंत आकडा खराच धरून चालायचं.

मामांचा दुसरा रिपोर्ट ६.० आला. ईसीजी ठीक होता, पण किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनीन २.३, म्हणजे वाढलेलं.

मग डॉक्टर कुठला?

खऱ्या वाढीमागे बहुतेक वेळा किडनी, औषधं किंवा दोन्ही मिळून असतात. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची नावं आठवून सांगू नका. घरातला औषधांचा डबा उचलून न्या, मेडिकलमधून आपणच आणलेल्या गोळ्यांसकट. मामांच्या डब्यात बीपीची टेल्मिसार्टन होती, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली स्पायरोनोलॅक्टोन होती आणि गुडघ्यांसाठी दोन महिने रोज घेतलेली डायक्लोफिनॅक होती. पहिल्या दोन गोळ्या आपापल्या जागी उत्तम आहेत, हृदयाला आणि किडनीला जपणाऱ्या आहेत, पण दोन्ही पोटॅशियम धरून ठेवतात. तिसरी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. त्यावर अशक्तपणासाठी रोज एक शहाळं चालू होतं. यातली एकच गोष्ट असती तर कदाचित काही झालं नसतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, लघवीच्या संसर्गासाठी देतात ती ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी, पोटॅशियमचं सिरप, जुलाबात पितो ती ओआरएस आणि बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ हीसुद्धा याच यादीतली. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून मुलं आईवडिलांना आणून देतात, आणि किडनीच्या पेशंटच्या ताटात ते कधी पडतं हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा पहिला डॉक्टर म्हणजे तुमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसीन फिजिशियन. गोळ्यांचा हिशोब लावणं, एखादी थांबवणं, डोस कमी करणं हे ते करू शकतात. हृदयाची गोळी मात्र ज्यांनी दिली त्यांच्याशी त्यांचं बोलणं झाल्याशिवाय आपल्या मनाने कायमची सोडू नका.

क्रिएटिनीन वाढलेलं असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, किंवा पोटॅशियम पुन्हा पुन्हा चढत असेल, तर नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे फिजिशियन. एमबीबीएस, मग एमडी आणि त्यावर आणखी ३ वर्षांचं डीएम किंवा डीआरएनबी (पूर्वीचं डीएनबी) नेफ्रॉलॉजी असं त्यांचं शिक्षण असतं. पाटीवर "किडनी तज्ज्ञ" एवढंच लिहिलं असेल तर पदवी बघा. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळता येते. मधुमेहाच्या पेशंटना तर किडनी फारशी बिघडण्याआधीही पोटॅशियम वाढण्याचा त्रास होऊ शकतो, त्यांनी नेफ्रॉलॉजिस्टला लवकर दाखवलेलं बरं.

युरॉलॉजिस्ट हे वेगळे, ते सर्जन. पण वयस्कर पुरुषाची लघवी प्रोस्टेटमुळे अडली, थेंब थेंब होऊ लागली, पोट खाली फुगलं आणि त्याच सुमारास पोटॅशियम वाढलं, तर पहिलं काम त्यांचंच. नळी घालून लघवी मोकळी केली की कित्येकदा पोटॅशियम उतरायला लागतं. क्वचित कारण किडनीच्या वर असलेल्या अॅड्रिनल ग्रंथींत असतं: पोटॅशियम जास्त, सोडियम कमी, बीपी कमी, वजन उतरलेलं, त्वचा काळवंडलेली. आपल्याकडे टीबीमुळे या ग्रंथी निकामी झाल्याचं आढळतं. अशा वेळी एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींचा डॉक्टर लागतो.

आता नाशकातलं. सरकारी बाजूला त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, तिथे तातडीसाठी रात्रीही जाता येतं. शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय किडनी, हृदय अशा विशेष उपचारांसाठी उभारलेलं आहे, फक्त ओपीडीचे वार आणि केसपेपरची वेळ आधी विचारून जा. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, इगतपुरी-घोटीकडच्या लोकांना धामणगावचं एसएमबीटी जवळ पडतं. खासगी हॉस्पिटलं मुंबई नाका, गंगापूर रोड, कॉलेज रोडला ओळीने आहेत. त्यातलं कुठलं, हे नावावर ठरवू नका. फोन करून इतकंच विचारा: आयसीयूत आत्ता बेड आहे का, रात्री डायलिसिस होतं का, नेफ्रॉलॉजिस्ट किती वेळात पोहोचतात. ६.८ पोटॅशियमचा पेशंट घेऊन रात्री अकराला एका दारातून दुसऱ्या दारात फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. हे तीन प्रश्न आधी विचारले असते तर तो तास वाचला असता. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत घ्या. योजनेचा फोन १५५३८८. डायलिसिस या योजनेत बसतं.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्यांनी एक गोष्ट जरूर करावी. थेट नाशिकची वाट धरू नये. आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढून, गरज असेल तर पहिलं इंजेक्शन तिथेच घेऊन मग निघावं. घाटातल्या त्या दीड-दोन तासांच्या रस्त्यावर हृदयाला त्याचाच आधार असतो.

ते पहिलं इंजेक्शन म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट. पुन्हा पुराकडे येते. पाणी चढायला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातली मंडळी दुकानातला माल आधी वर हलवतात. त्याने पाणी एक इंचही उतरत नाही, पण माल वाचतो. कॅल्शियम तेच करतं. पोटॅशियम तेवढंच राहतं, हृदयाला मात्र दोन-तीन मिनिटांत संरक्षण मिळतं, अर्धा ते एक तास टिकतं. तेवढ्या वेळात पुढचं करायचं. इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज दिलं की पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरतं, म्हणजे धरणात परत. दम्याच्या पेशंटला देतात ती साल्ब्युटामॉलची वाफही त्याच कामाची. नातेवाईक घाबरतात, "त्यांना शुगर नाही, इन्सुलिन कशाला?" कारण हे आहे. मात्र नंतर काही तास साखर उतरू शकते म्हणून सिस्टर सारखी बोटाला टोचून बघतात, त्यांना बघू द्या. हा उपाय चार-सहा तासांचा, पाणी धरणातून पुन्हा सुटणारच. शरीराबाहेर काढायला लघवी वाढवणारी इंजेक्शनं, आतड्यात पोटॅशियम बांधून शौचावाटे नेणारी पावडरची पुडी, आणि किडनी साथच देत नसेल तर डायलिसिस. एकदा डायलिसिस केलं म्हणजे जन्मभर चिकटलं, या भीतीने लोक सही करायला तास तास लावतात. किडनीला अचानक बसलेल्या धक्क्यातून सावरलेल्या कित्येकांचं डायलिसिस पुढे थांबतं.

खाण्याबद्दल मामांना सगळ्यात जास्त विचारायचं होतं, कारण घरची बाग. द्राक्षांवर बंदी का? १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. म्हणजे मूठभर खाल्ली तर चालून जातं. तीच वाळवून बेदाणे केले की १०० ग्रॅममध्ये ७५० च्या आसपास. पाणी उडतं, पोटॅशियम तिथेच राहतं. किडनीच्या पेशंटला दिवसाला साधारण २,००० ते ३,००० मिलिग्रॅमची मर्यादा सांगतात, त्यात एक शहाळंच ५००-६०० खाऊन टाकतं. टोमॅटो, डाळिंब जपून. कांदा त्यामानाने बरा. बटाटा आणि पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकायचं. मामींनी लगेच विचारलं, "कटाची आमटी?" ती नको. डाळीतलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरलेलं असतं.

आणि त्या सोमवारचा उपवास. मामांनी दिवसभरात रताळी, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दोन केळी आणि खजूर खाल्ले होते. रक्त सकाळी, खाण्याआधी दिलेलं, म्हणजे संध्याकाळी फोन केला तेव्हा पातळी सकाळपेक्षा वर गेलेली असू शकत होती. साबुदाण्यात पोटॅशियम नगण्य असतं, त्याच्यासोबत येणाऱ्या दाण्यांत आणि बटाट्यात ते असतं. निर्जळी किंवा कडक उपवासानेही पोटॅशियम चढू शकतं, कारण पोटात काही नसलं की इन्सुलिन कमी होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. डायलिसिसवरच्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये, मग तो एकादशीचा असो की शिवरात्रीचा.

मामांची डायक्लोफिनॅक बंद झाली, स्पायरोनोलॅक्टोन हृदयाच्या डॉक्टरांना विचारून थांबवली, टेल्मिसार्टन निम्मी केली. पाच दिवस पुडी घेतली, तिच्याने बद्धकोष्ठ होतं म्हणून सोबत पातळ औषध दिलं. दहाव्या दिवशी पोटॅशियम ५.१. गोळ्या बदलल्या की आठ-पंधरा दिवसांत रक्त पुन्हा द्यायचं असतं, एकाच लॅबमध्ये दिलं तर तुलना सोपी जाते. आता ते दर दोन महिन्यांनी नेफ्रॉलॉजिस्टकडे येतात, येताना औषधांचा डबा पिशवीत असतो, आणि रक्त देताना मी सांगायच्या आधीच मूठ सैल सोडतात.